लाईक म्हणजे हजर

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला लागलं की माणूस कारणं जोडत बसतो.

मी कॉलेजात मार्केटिंग शिकवते. अकरा वर्षं तात्पुरती आहे. तात्पुरती म्हणजे दर जूनमध्ये माझी नव्याने नेमणूक होते आणि दर जूनमध्ये विभागप्रमुख मला नव्याने विचारतात, ‘तुम्ही काय शिकवता?’ यंदा त्यांनी विचारलं नाही. त्यांनी थेट एक विषय माझ्यासमोर ठेवला: सोशल मीडिया आणि व्यक्तिगत ब्रँड.

‘सर, माझं तर खातंसुद्धा नाही,’ मी म्हणाले.

‘मग काढा. रोज एक पोस्ट टाका आणि रोज पन्नास तरी लाईक दिसू द्या. कायम होण्याची फाईल जाईल ना, तिला त्या पेजचे कागद जोडू. पोहता न येणाऱ्याने पोहायला शिकवलं तर बरं दिसत नाही.’

अकरा वर्षांत ‘कायम’ हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. मी हुरळले. घरी गेले, खातं काढलं, टेबलावरच्या कुंडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘रोज थोडं थोडं वाढा.’ संध्याकाळपर्यंत दोन लाईक आले. एक माझ्या सासूबाईंचा आणि एक माझा स्वतःचा. स्वतःचा मोजत नाहीत, हे मला नवऱ्याने सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दुसऱ्याला नीट दिसावं याची त्याला सवय आहे.

तिसऱ्या दिवशी मला ती कल्पना सुचली. सुचली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की जिन्यातच थांबून हसले. वर्गात त्रेसष्ट मुलं. रोजची हजेरी घेण्यात दहा मिनिटं जातात, घसा दुखतो, आणि पोरं एकमेकांच्या नावाला ‘हजर’ ओरडतात ते वेगळंच. त्यापेक्षा त्या दिवशीच्या पोस्टवर ज्याचा लाईक, तो हजर. मुलांचा सराव होईल, माझा घसा वाचेल, आणि पन्नासच्या जागी त्रेसष्ट लाईक पडतील. विभागप्रमुखांनी टेबलावर थाप मारली. दुसऱ्याच दिवशी सूचनाफलकावर सही-शिक्क्याचं पत्रक लागलं: पोस्टवर लाईक असल्यास विद्यार्थी हजर समजावा.

पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला होता. दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या लक्षात आलं की लाईक घरूनही करता येतो. तिसऱ्या आठवड्यात वर्गात नऊ जण होते. महिन्याने एक.

ती म्हणजे सत्तेचाळीस नंबर. तिसऱ्या बाकावर खिडकीकडून दुसरी बसायची. कापडी पिशवी, रेघांची वही, निळं पेन. तिची आई शिवणकाम करते, हे मला फार उशिरा कळलं, पण पिशवीची शिवण बघून तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, वर्गात एकच मुलगी बसलेली असताना बाईंना कळलं कसं नाही? कळायचं. पण जेमतेम. कारण तोवर मी पोस्टसाठी तासाचं चित्रण करायला गोल दिवा आणला होता. तो मधल्या वाटेत तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा करायचा, त्याच्या भोकात फोन अडकवायचा आणि त्याच्याकडे बघून बोलायचं. दिवा डोळ्यांवर असला की पलीकडचं काही दिसत नाही. अंधुक काहीतरी हलायचं, ती मान डोलवते आहे असं मला वाटायचं, आणि तेवढं मला पुरायचं. खरं सांगायचं तर तेव्हा मी फार छान शिकवत होते. अडतिसावा तास तर असा रंगला की शेवटी माझा आवाज भरून आला. विषय होता, आपलं म्हणणं नेमकं कोणापुढे मांडतो आहोत ते आधी ओळखा. त्याच्या तुकड्यावरही त्रेसष्ट लाईक पडले.

रोज त्रेसष्टच पडायचे. ऑफिसातले क्लार्क आकडा बघायचे, त्रेसष्ट विद्यार्थी, त्रेसष्ट लाईक, हजेरी शंभर टक्के. विभागप्रमुखांनी हा तक्ता मोठा करून आपल्या केबिनबाहेर लावला. इतर कॉलेजांतले लोक तो बघायला येऊन गेले. त्यांना वर्ग दाखवायची वेळ आली तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, ‘वर्गात काय बघायचंय? हजेरी इथे आहे.’ पाहुण्यांनी तक्त्याचे फोटो काढले.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना, शुक्रवारी सकाळी, सत्तेचाळीस नंबर माझ्या टेबलाशी आली. हातात हॉल तिकीट होतं.

‘मॅडम, सत्तेचाळीस नंबरवर दुसऱ्याच कोणाचा फोटो आहे.’

मी तिकीट हातात घेतलं. जाड चष्मा, तोंडभर हसू, मागे आमच्या स्वयंपाकघरातली खिडकी. खाली नाव छापलं होतं, हसरी आजी. त्या माझ्या सासूबाई होत्या, आणि ते त्यांच्या खात्याचं नाव.

आम्ही दोघी ऑफिसात गेलो. क्लार्कने शांतपणे समजावलं. त्रेसष्ट लाईक करणारी खाती होती. बासष्ट खात्यांचे चेहरे बासष्ट नंबरांशी जुळले. एक खातं उरलं, एक नंबर उरला. त्यांनी ते जोडून टाकलं.

‘ही माझी सासू आहे,’ मी म्हणाले.

‘असतील. पण बासष्ट तासांपैकी बासष्ट तास हजर आहेत. अशी विद्यार्थिनी मी नोकरीत पाहिली नाही.’ मग त्यांनी चष्म्यावरून मुलीकडे बघितलं. ‘तुमची नोंद शून्य आहे. तुम्ही कधी आलात का कॉलेजला?’

‘रोज,’ ती म्हणाली.

‘तसं कुठे लिहिलेलं नाही.’

हॉल तिकिटं संध्याकाळी पाच वाजता पक्की होणार होती. त्यानंतर ज्याचं नाव नाही त्याचं वर्ष गेलं. आणि हिचं नुसतं वर्ष जाणार नव्हतं. बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत तिला विक्रीचं काम मिळालं होतं, पास झाल्याचा कागद दाखवला की लगेच रुजू. हे तिने मला जिन्यात सांगितलं, न रडता, वेळापत्रक सांगावं तसं. मलाच रडू येत होतं.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसत हात झटकले.

‘एवढंच ना? मग आत्ता कर की लाईक. बासष्ट पोस्ट आहेत, पाच मिनिटांचं काम. बस इथे. चहा घेतेस का?’

मला हायसं वाटलं. इतका सोपा उपाय आपल्याला सुचू नये याची लाजही वाटली. तिने फोन काढला, माझं पेज उघडलं आणि पहिल्यापासून वाचायला लागली. वाचता वाचता ओठ हलत होते. आम्ही दोघं चहा पीत थांबलो. चहा संपला तरी अंगठा काही टेकला नाही.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘मॅडम, राग मानू नका. मला या आवडल्या नाहीत.’

‘कुठल्या?’

‘सगळ्याच.’ तिने फोन माझ्याकडे वळवला. ‘ही बघा. तुम्ही लिहिलंय, मी रोज पहाटे पाचला उठते. पण चौदाव्या तासाला तुम्ही म्हणाला होतात, तुम्ही गजर तीनदा बंद करता आणि मग केस न विंचरता धावत येता. ते मला आवडलं होतं. हे नाही आवडलं.’

‘अगं, ते फक्त लिहायचं असतं.’

‘ही कुंडी. रोज थोडं थोडं वाढा. ते झाड प्लास्टिकचं आहे, हे तुम्हीच विसाव्या तासाला सांगितलंत. आणि ही, माझे विद्यार्थी हेच माझं कुटुंब. त्या दिवशी वर्गात मी एकटीच होते.’

विभागप्रमुखांचा संयम सुटायला लागला. ‘आवडायचा प्रश्न येतोच कुठे? दाबायला काय जातंय तुझं?’

‘सर, पहिल्याच तासाला मॅडमनी लिहून दिलंय.’ तिने वही उघडली. निळ्या पेनाने, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: जे पटत नाही त्यावर आपलं नाव टाकू नये, ब्रँड तिथून सुरू होतो. ‘परीक्षेत पहिला प्रश्न हाच येणार असं मॅडम म्हणाल्या होत्या.’

मी खरंच तसं म्हटलं होतं. कुठल्यातरी पुस्तकातून उचललं होतं आणि विसरूनही गेले होते. त्रेसष्ट मुलांपैकी एकीने ते मनावर घ्यावं, आणि ते तिच्याच अंगाशी यावं. मला तिचा राग आला, हे कबूल करते. एवढी काय मोठी लागून गेली? माझ्या अकरा वर्षांची फाईल त्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली होती.

‘तुम्ही समजवा हिला,’ विभागप्रमुख मला म्हणाले. ‘किंवा मग तुमच्या सासूबाईंना परीक्षेला बसवा. नोंदीप्रमाणे त्याच विद्यार्थिनी आहेत. मला नियम मोडता येत नाही.’

दुपारी मी घरी गेले. घर कॉलेजपासून दोन गल्ल्यांवर आहे. विचार असा होता की सासूबाईंना हॉल तिकीट सोडायला लावू, लेखी घेऊ, मग क्लार्कला काहीतरी हालचाल करावी लागेल. सासूबाई जेवणाच्या टेबलावर माझं पुस्तक उघडून बसल्या होत्या. हातात लाल पेन्सिल. क्लार्कने त्यांना फोन करून अभिनंदन केलं होतं.

‘आई, ते तिकीट चुकून आलंय.’

‘चुकून कसं? माझी हजेरी शंभर टक्के आहे. तुझ्या वर्गात आहे का कोणाची एवढी?’

‘तुम्ही पोस्ट वाचायचात तरी का?’

‘चष्मा नसला की नाही वाचायची. अंगठा मात्र रोज न चुकता. सून आहेस तू माझी.’ त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. ‘तिसरं प्रकरण अवघड आहे गं. जरा सांगशील का?’

मी त्यांना सत्तेचाळीस नंबरची सगळी गोष्ट सांगितली. माझ्या बाजूने सांगितली. मुलगी कशी हट्टी आहे, नियम कसा आड येतो, विभागप्रमुख कसे ऐकत नाहीत. सासूबाई पेन्सिलीचं टोक करत ऐकत होत्या.

‘ती पोरगी वर्गात यायची का?’

‘यायची.’

‘मग तिला गैरहजर कोणी लिहिलं?’

‘कोणी नाही आई. नियमच तसा आहे.’

‘नियम कोणाचा?’

मी घास खाली ठेवला.

‘मी तिकीट देते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला काय पोटापाण्यासाठी बसायचंय परीक्षेला? पण मी देऊन तिची हजेरी कशी भरणार? ती भरणारी तू. तुझ्या तोंडाने सांग.’

साडेतीन वाजता मी रिकाम्या वर्गात बसले, दिवा न लावता, आणि त्रेसष्टावी पोस्ट लिहिली. फोटो तिसऱ्या बाकाचा टाकला. त्याखाली जे लिहिलं ते असं:

‘या वर्षी मी हजेरी वर्गात घेतली नाही, लाईकवर घेतली. ही कल्पना माझी होती आणि ती वाईट होती. बासष्ट तास झाले. ज्यांनी लाईक केले ते बहुतेक घरी होते. सत्तेचाळीस नंबरने एकही लाईक केला नाही आणि ती बासष्टच्या बासष्ट तास या बाकावर बसली होती. मी तिला रोज गैरहजर लिहिलं. मी पहाटे पाचला उठत नाही. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं आहे. ही पोस्ट लाईक करणाऱ्यांना वरचं सगळं मान्य आहे असं समजून मी आजच हजेरी कागदावर बदलत आहे.’

पोस्ट टाकली. आता काय काय ऐकावं लागेल याची मी मनातल्या मनात यादी करत होते. फोन लगेच वाजायला लागला. एक लाईक, चार, पंधरा, चाळीस. सहा मिनिटांत बासष्ट. शिवाय सासूबाईंचा. आणि त्यानंतर, मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, विभागप्रमुखांचा. त्यांनी वर एक टाळ्यांचं चित्रही टाकलं होतं.

मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं चारचौघांत सांगितलं होतं आणि ते कोणीही वाचलं नव्हतं. थोडं वाईट वाटलं. मग मी उठले आणि कपाटातून कोरा हजेरीपट काढला.

सव्वाचार वाजता मी विभागप्रमुखांच्या टेबलावर तो ठेवला. सत्तेचाळीस नंबरपुढे बासष्ट वेळा हजर. बाकी बासष्ट जणांपुढे, सुरुवातीचे आठवतील तेवढे दिवस सोडले तर, गैरहजर.

‘हे काय आहे?’

‘हजेरी, सर. सगळ्यांना मान्य आहे. तुम्हालासुद्धा.’ मी फोन पुढे केला.

त्यांनी पोस्ट वाचली. मग खाली आपलं नाव आणि टाळ्या बघितल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘मी मीटिंगमध्ये होतो,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं नेहमीसारखंच असेल.’

‘पत्रकात तसं नाही, सर. लाईक असल्यास हजर समजावा. तुम्ही हजर होतात.’

त्यांनी आपल्याच सहीच्या पत्रकाची प्रत काढून वाचली. मग त्यांनी बासष्ट मुलांसाठी रोज सकाळी सातपासून जादा तास लावले, ते मी घ्यायचे असं ठरवलं, आणि त्या मुलांची परीक्षा तीन आठवडे पुढे ढकलली. सत्तेचाळीस नंबरच्या कागदावर सही केली. शेवटी कपाखालची माझी फाईल काढून खालच्या खणात ठेवली. खण बंद करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला जे वाटलं ते लपवत नाही, आतून तुटल्यासारखं झालं. अकरा वर्षं काही थोडी नसतात.

क्लार्कने पाचला दहा कमी असताना नवं तिकीट छापलं. ‘तुमच्या सासूबाईंना वाईट वाटेल हो,’ ते म्हणाले.

मुलगी वर्गात बसून होती. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडून दुसरी. इतका वेळ ती तिथे का थांबली होती असं विचारणार होते, पण हिने दुसरीकडे कुठे थांबावं, हेही मला सुचेना. मी तिकीट आणि त्याला जोडलेला हजेरीचा कागद तिच्यासमोर ठेवला, आणि उद्यापासून सकाळी जादा तास आहेत हेही सांगितलं. मला वाटलं, आता ही हसेल. निदान आभार मानेल. मी त्या आभारांची वाट बघत उभी राहिले, तेवढा हक्क मला आहे असं मला वाटत होतं.

तिने तिकीट बघितलं, फोटो बघितला, मग कागदावरचे सगळे रकाने बोट फिरवत वाचले. मग फोन उघडून माझी पोस्ट वाचली. ओठ हलत होते. दिवसभरात ती वाचणारं मला भेटलेलं हे दुसरं माणूस.

‘मॅडम, एक चूक आहे.’

‘आता काय?’ माझा आवाज चढला.

‘बासष्ट नाही. एकसष्ट. एक दिवस मी आले नव्हते. आईच्या मशीनचा पट्टा तुटला होता, तो आणायला गेले होते.’ तिने बोट एका रकान्यावर ठेवलं. ‘हा. अडतिसावा.’

‘राहू दे गं. एका दिवसाने काय होतंय? टक्के भरतात तुझे.’

‘भरतात. पण मी नव्हते.’

मी म्हणाले, अडतिसाव्या तासाला तू होतीस. मला चांगलं आठवतं. मी तुला मान डोलवताना बघितलं. तो माझा सगळ्यात रंगलेला तास होता. बोलता बोलता माझी नजर वळली. वर्गाच्या मधल्या वाटेत तो गोल दिवा अजून तिकाटण्यावर तसाच उभा होता.

‘मग त्या दिवशी इथे कोण होतं?’ मी विचारलं.

तिने जरा विचार केला. ‘माहीत नाही, मॅडम. मी नव्हते ना.’

मी खुर्चीवर बसले. मग पेन काढून अडतिसाव्या रकान्यातलं हजर खोडलं, गैरहजर लिहिलं, शेजारी सही केली. फोन उघडून पोस्टमधलं ‘बासष्टच्या बासष्ट तास’ खोडून ‘एकसष्ट तास’ केलं. तिने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि अंगठा टेकला. मग वही पिशवीत घातली, तिकीट वहीत घातलं, आणि उद्याचा तास सातला आहे ना, असं विचारलं.

‘तुला यायची गरज नाही,’ मी म्हणाले. ‘तो बाकीच्यांसाठी आहे.’

‘अडतिसावा राहिलाय माझा,’ ती म्हणाली.